लेकरांना घरकामाचे पैसे द्यायचे, तर या क्रमाने द्या

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की बोलणं हमखास लेकरांवर येतं. एक म्हणते, "पोराला कामाचे पैसे द्यायला लागले न् आता पैशाशिवाय काडी हलवत नाही." दुसरीने दोन आठवडे दिले, तिसऱ्या आठवड्यात राहून गेलं ते राहूनच गेलं. तिसरीच्या पोरीचे पैसे आईकडे "सांभाळायला" आहेत. किती आहेत, ते दोघींनाही सांगता येत नाही.

गटाची वही मी लिहिते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे: व्यवहार बिघडतो तो दिवस चुकला आणि लिहायचं राहिलं की. लेकरांसोबतचा व्यवहारही असाच बिघडतो, आणि बिघडवतो आपण, मोठी माणसं. म्हणून या लेखात लेकराने काय करायचं यापेक्षा आईबापाने काय करायचं हेच जास्त आहे. ५ ते १० वर्षांची लेकरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक घरं तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे भाव ठरवण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## आधी तयारी: एक आठवडा

घरातल्या मोठ्यांशी बोला. लेकराला सांगण्याआधी नवरा-बायकोचं आणि आजी-आजोबांचं एकमत हवं. तुम्ही शेंगा फोडण्याचे २ रुपये ठरवता आणि आजोबा संध्याकाळी कनवटीचे दहा रुपये काढून देतात. मग शेंगा कोण फोडणार? आजोबांचा हात अडवू नका, त्यांचं मन मोडेल. एवढंच सांगा, "बाबा, द्यायचे तर सणावाराला द्या, आणि सगळ्यांसमोर द्या." आमच्याकडे हे दोनदा सांगावं लागलं. मग ते ऐकायला लागले.

चिल्लर आणून ठेवा. लेकरांना पैसे द्यायच्या दिवशी घरात शंभराची नोट आहे आणि सुटे नाहीत, हे पैसे राहून जाण्याचं सगळ्यात मोठं कारण. दोन लेकरं आणि प्रत्येकी आठवड्याला २० रुपये धरले तर महिन्याला १६० रुपये लागतात. ५ ची १६ नाणी, २ ची २५ आणि १ ची ३० आणली की बरोबर होतात. बँकेत मागा, नाहीतर किराणा दुकानात मागा; दुकानदाराला नोटा हव्याच असतात.

फोनवरून पैसे देऊ नका. हल्ली बाजारात भाजीवाल्या मावशीकडेही स्कॅनर असतो. लेकराला त्यातलं काय दिसतं? आईने फोन धरला, आवाज आला, भाजी पिशवीत आली. काही कमी झालेलं दिसत नाही. नाणं हातातून गेलं की मूठ रिकामी होते, आणि या वयात पैसा कळतो तो असाच.

तीन बरण्या घ्या, आरपार दिसणाऱ्या. मातीचा गल्ला दिसायला छान असतो, पण आत किती आहे ते कळत नाही आणि फोडल्याशिवाय काढता येत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन वाळवा. एकीवर "खर्च", दुसरीवर "साठवण", तिसरीवर "दुसऱ्यासाठी" असं लेकराच्याच हाताने लिहून चिकटवा.

एक वही. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरते. जमा, खर्च, बाकी असे तीन रकाने आखा.

> सावध: घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर बरण्या उंचावर ठेवा. नाणं तोंडात जायला वेळ लागत नाही.

## टप्पा १: बिनपैशाची कामं आधी ठरवा

हा टप्पा गाळला की "पैशाशिवाय काडी हलवत नाही" ही तक्रार येणारच. कोणत्या कामाला पैसे *नाहीत* ते लेकराला आधी कळलं पाहिजे, आणि ते कागदावर पाहिजे.

आमच्या भिंतीवरची यादी अशी आहे: आपलं अंथरूण घडी घालणं, जेवलेलं ताट मोरीत नेणं, दप्तर भरणं, शाळेचे बूट जागेवर ठेवणं, आल्यागेल्याला पाणी देणं, आजीच्या गोळ्यांची डबी आणून देणं. आणि नळाच्या दिवशी पाणी भरू लागणं.

पाण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. आपल्या मराठवाड्यात कितीतरी गावांत नळ आठवड्यातून एकदा येतो, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. टँकर आला तर सगळी गल्ली पळते. त्या वेळी बादली उचलायचे पैसे लावले तर लेकरू पाण्याचा भाव करायला शिकेल. पाणी सगळ्या घराचं, म्हणून ते भरायचंही सगळ्यांनी. लहानग्याने तांब्या-तांब्याने माठ भरला तरी चालेल.

> तपासा: चार-पाच दिवस फक्त ही यादी पाळली जाते का ते बघा. रोज आठवण करून द्यावी लागत असेल तर पुढे जाऊ नका, आणखी एक आठवडा द्या.

## टप्पा २: पैशाची कामं निवडा

कसोटी सोपी आहे. रोजचं नसलेलं, वाढीव, आणि एरवी तुम्ही स्वतः वेळ काढून कराल असं काम हवं. लेकराच्या हाताला झेपणारं हवं, आणि संपलं की संपलं असं दिसणारं हवं. "आज चांगलं वाग" हे काम होत नाही. अभ्यासाला आणि मार्कांना पैसे लावू नका. तो वेगळा विषय आहे आणि त्यातून कटकटीच निघतात.

एकावेळी तीन-चार कामंच ठेवा. आमच्याकडे चाललेली:

- एक किलो ज्वारी ताटात पसरून खडे-काडी निवडणं: ५ रुपये
- एक मोठी वाटी दाणे निघतील एवढ्या शेंगा फोडणं: २ रुपये
- स्कूटर ओल्या फडक्याने पुसणं: ५ रुपये
- महिन्याची रद्दी लावून सुतळीने बांधणं: ५ रुपये
- सकाळच्या वेळी अंगणात कुरडया-पापडांची राखण, सावलीत बसून: ३ रुपये

प्रत्येक कामापुढे "झालं म्हणजे काय" ते लिहा. वाद नव्वद टक्के इथेच मिटतो. नुसतं "स्कूटर पुसणं" लिहिलं तर लेकरू सीटवरून एकदा फडकं फिरवून हात पुढे करेल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. आम्ही लिहिलं: सीट, दोन्ही आरसे, नंबरप्लेट, दोन्ही मडगार्ड, आणि फडकं धुऊन दोरीवर. शेवटचा मुद्दा विसरू नका. ओलं फडकं सीटवर तसंच पडलेलं राहतं.

> सावध: मिरच्यांची देठं लेकरांच्या हातात देऊ नका. एका चैत्रात मी धर्माबादची मिरची आणली आणि काम बसून करायचं आहे म्हणून धाकटीला देठं काढायला बसवलं. हात धुण्याआधी तिने डोळा चोळला. त्या दुपारी तिच्या डोळ्यांवर पाणी मारत मी मोरीत बसून होते. चूक माझी होती. चूल, गॅस, विळी, विहीर, फवारणीचे डबे ही कामं यादीत येताच कामा नयेत. कूलरची टाकी घासायला द्यायची तर प्लग तुम्ही स्वतः काढा.

> सावध: "शेजारच्या काकूंचंही निवडून देत जा, पैसे मिळतील" असं म्हणू नका. कापूस वेचणीला, गुत्त्याच्या म्हणजे ठेक्याच्या कामाला तर अजिबात नको. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे; १९८६ च्या कायद्यात २०१६ साली ही दुरुस्ती झाली. घरच्यांना शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेल्या कामात हातभार लावायला मुभा आहे. आपण जे करतोय ते त्या मुभेतच राहिलं पाहिजे, आणि शाळा बुडवून तर कधीच नाही.

## टप्पा ३: भाव लावा

लेकराची आठवड्याची कमाई दुकानातल्या दोन-तीन खाऊच्या पुड्यांएवढी व्हावी, त्यापुढे नको. आमच्याकडे ती १५ ते २० रुपयांत बसते. स्कूटर पुसायचे पन्नास रुपये देणारी घरं मी पाहिली आहेत. आपल्याच शेतात उन्हात दिवसभर खुरपणाऱ्या बायांची मजुरी त्याच लेकराला कळली, तर त्याच्या डोक्यात कोणता हिशेब बसेल?

घरात पैशाची ओढाताण असेल तर भाव निम्मा ठेवा, १ रुपया ठेवा. लेकराला भाव चालतो, दिवस चुकलेला चालत नाही.

भाव ठरला की वर्षभर तोच. मध्येच "आज घाई आहे, दहा देते पण कर" म्हटलं की पुढच्या वेळी लेकरू घाईची वाट बघेल. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसे आम्हीही भाव पाडव्यालाच बदलतो. थोरला आता फाल्गुनातच कागद घेऊन येतो, कोणतं काम किती वेळ खातं ते लिहून. एक-दोनदा त्याचं म्हणणं रास्त होतं, वाढवून दिले.

## टप्पा ४: काम आधी शिकवा

पहिला आठवडा प्रत्येक काम त्याच्या शेजारी बसून करा. पहिल्यांदा तुम्ही करा आणि त्याने बघावं, दुसऱ्यांदा दोघांनी मिळून, तिसऱ्यांदा त्याने करावं आणि तुम्ही बघावं. तिसऱ्या वेळेपासून पैसे सुरू.

ज्वारी निवडताना मूठभरच पसरायची, ताट आपल्याकडे कलतं धरायचं, निवडलेली एका बाजूला सारायची, हे आपल्या हाताला सवयीचं झालेलं असतं, म्हणून सांगायचं सुचत नाही. लेकरू सगळी ज्वारी एकदम ताटात ओततं आणि पाच मिनिटांत कंटाळतं. तो आळस नसतो, त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

## टप्पा ५: पगाराची संध्याकाळ

आठवड्यातला एकच दिवस धरा: गावच्या आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीनंतर. दुसऱ्या दिवशी बाजार असल्याने पैशाला लगेच अर्थ येतो. क्रम असा:

1. वही उघडा. आठवडाभर काम झालं की त्याच दिवशी लेकराने तारीख आणि काम लिहिलेलं असावं. लिहिता येत नसेल तर उभ्या रेघा मारू द्या.
2. बेरीज लेकराने करायची. चुकली तर "परत मोज" एवढंच म्हणा, उत्तर सांगू नका.
3. नाणी तुम्ही मोजून त्याच्या हातावर ठेवायची. मग त्याने परत मोजायची. घेताना मोजून घेणं हा अपमान नसतो, हे इथेच रुजू द्या.
4. वहीत दोघांची सही. लहानग्याचा अंगठाही चालतो.

सुगीत, सोयाबीन काढणीच्या दिवसांत एखादी संध्याकाळ चुकणारच. तेव्हा वहीत "बाकी" म्हणून रक्कम लिहा, लेकराला दाखवा, आणि पुढच्या आठवड्यात आधी बाकी फेडा, मग चालू.

काम अर्धवट असेल तर अर्धे पैसे देऊ नका. "झालं" किंवा "नाही झालं", मधलं काही नाही. पगाराच्या संध्याकाळपर्यंत पुरं करायची संधी मात्र द्या.

> सावध, तीन गोष्टी कधीच नाहीत:
>
> उचल नाही. "आई, आत्ता दहा दे, पुढच्या आठवड्यात काम करून फेडतो" याला ठाम नकार द्या. ऊसतोडीच्या गावांत उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका हंगामाची फेडता फेडता दुसऱ्या हंगामाची घ्यावी लागते. आधी काम, मग पैसा, हीच सवय लेकराच्या हाताला लागू द्या.
>
> दंड नाही. भांडण केलं, ग्लास फोडला म्हणून कमावलेले पैसे कापू नका. शिक्षा करायची तर दुसरी करा. केलेल्या कामाचा पैसा त्याचा आहे.
>
> जबरदस्ती नाही. पैशाचं काम लेकराने नको म्हटलं तर नको. त्या आठवड्यात बरण्या तशाच राहतील. ते त्याला दिसू द्या.

## टप्पा ६: बरण्यांत वाटणी

पैसे हातात आल्या आल्या वाटणी, सकाळवर ढकलू नका. २० रुपये मिळाले तर १० खर्चाला, ८ साठवणीला, २ दुसऱ्यासाठी. पाच-सहा वर्षांच्या लेकराला अशी वाटणी झेपत नाही. त्याला पाच नाणी देऊन "दोन इथे, दोन इथे, एक इथे" करू द्या.

"दुसऱ्यासाठी" बरणीतलं कुणाला द्यायचं ते लेकराने ठरवावं, तुम्ही सुचवू नका. आमच्या थोरल्याने पहिल्यांदा वर्गातल्या मित्राला खोडरबर आणि पेन्सिल घेतली. मला वाटलं होतं देवळाच्या पेटीत टाकेल.

साठवणीच्या बरणीला हात लावायचा नाही, हा नियम मोठ्यांनाही आहे. एका सकाळी दूधवाला दारात उभा होता, सुटे नव्हते, म्हणून मी धाकटीच्या बरणीतले ६० रुपये काढले. संध्याकाळी परत टाकायचे विसरले, दुसऱ्या दिवशीही विसरले. तिसऱ्या दिवशी वहीत तिच्या वाकड्या अक्षरात एक ओळ सापडली: "आई – ६०". ती मला काही बोलली नव्हती, नुसतं लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून घेतलेच तर आधी विचारते, तिच्यासमोर लिहिते आणि त्याच दिवशी फेडते.

> तपासा: महिनाअखेरीला बरणीतले पैसे आणि वहीतली बाकी जुळते का? जुळत नसेल तर ओरडू नका, दोघं मिळून शोधा. बहुतेक वेळा एखादा खर्च लिहायचा राहिलेला असतो.

## टप्पा ७: बाजार

खर्चाच्या बरणीतले पैसे घेऊन लेकराला बाजारात न्या आणि तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. भाव त्याने विचारायचा, पैसे त्याने द्यायचे, सुटे त्याने मोजून घ्यायचे. आजारी पाडणारी किंवा इजा करणारी वस्तू सोडली तर "ते नको घेऊ" म्हणायचं नाही.

हा टप्पा आईबापाला सगळ्यात जड जातो. धाकटीने एकदा १० रुपयांचं गुलाबी प्लास्टिकचं घड्याळ घेतलं. वेशीपाशी येईतो पट्टा तुटला. ती रडली नाही, तुटका पट्टा मुठीत घट्ट धरून घरापर्यंत चालली. माझा हात पर्सकडे गेला होता, मी तो आवरला. पुढच्या बाजारी त्याच गाड्यावर तिने हिरवं घड्याळ उचललं, दोन्ही हातांनी पट्टा ताणून बघितला आणि खाली ठेवलं. मी तेव्हा दहा रुपये भरून दिले असते, तर तिने पट्टा कशाला ताणला असता?

१० रुपयांचं नाणं काही विक्रेते "चालत नाही" म्हणून परत करतात. ते चालतं. तोवर निघालेली वेगवेगळ्या १४ नक्षींची नाणी सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केलं आहे. लेकराला हे सांगून ठेवा, पण त्याला वाद घालायला उभं करू नका. दुसऱ्या गाड्यावर जा.

## टप्पा ८: साठवणीला नाव द्या

"बचत कर" म्हटल्याने लेकरू बचत करत नाही. बरणीवर चिठ्ठी लागली पाहिजे: चेंडू, ४० रुपये. आठवड्याला ८ प्रमाणे पाच आठवडे. पहिलं ध्येय महिना-सव्वा महिन्यात हाताशी यायला हवं. सायकलपासून सुरुवात केली तर लेकरू मध्येच सोडून देतं.

एक-दोन ध्येयं पुरी झाली की लांबचं घ्या. आमच्या लोहा-कंधार भागात माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. दिवाळीपासून धरले तर आठ आठवडे, म्हणजे ६४ रुपये. आकाशपाळणा, रेवड्या आणि आजीसाठी काहीतरी. पोरांनी दर आठवड्याला वहीत उरलेले आठवडे लिहायचे. तुमच्याकडे जी जत्रा, जो उरूस असेल तो धरा.

## मध्येच येणाऱ्या अडचणी

भावंडांत मुकादमकी. थोरल्याने शेंगांच्या दोन वाट्या आपल्या नावावर घेतल्या, धाकटीला १ रुपया देऊन फोडून घेतल्या आणि स्वतः ४ रुपये लावले. मला ते वहीवरून कळलं नाही, धाकटीच्या नखांतल्या मातीवरून कळलं. ओरडले नाही. दोघांना समोर बसवून एवढंच विचारलं, "शेंगा कुणी फोडल्या?" नियम झाला: ज्याचे हात, त्याचं नाव. दोघांनी केलं तर दोघांची नावं, पैसे वाट्यावारी.

पोरींना घरकाम, पोरांना गाडी पुसणं. असं आपोआप होतं, लक्ष ठेवा. दर महिन्याला यादी फिरवा. बिनपैशाच्या यादीत तर हे आणखी तपासा; पोरीचं ताट आणि पोराचंही ताट पोरगीच उचलते का ते बघा.

मध्येच गोडी संपली. तीन-चार महिन्यांनी होतंच. काम बदला, भाव वाढवू नका.

## टप्पा ९: दहा वर्षं झाली की खातं

पोस्टातलं बचत खातं दहा वर्षांपुढच्या मुलाच्या स्वतःच्या नावाने उघडता येतं, किमान ५०० रुपये लागतात. आठवड्याला ८ रुपयांनी वर्षाचे ४१६ होतात, त्यात भाऊबीजेची ओवाळणी आली की गाठता येतं. बँकेत काढायचं तरी चालेल. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मोकळीक दिली आहे. अट आणि मर्यादा ज्या त्या बँकेची असते, म्हणून आधी शाखेत विचारून या. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या खात्यात बाकी शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, असाही नियम आहे. म्हणजे उचल तिथेही नाही.

जाताना लेकराचं आधार, जन्माचा दाखला, फोटो आणि तुमची कागदपत्रं घ्या. नाणी आदल्या रात्री लेकराने मोजून कागदात गुंडाळावीत, प्रत्येक पुडीवर आकडा लिहावा. पैसे भरायची स्लिप त्याने भरावी. अक्षरी रक्कम लिहिताना अडखळलं तर घरी दोनदा सराव करून घ्या. रांगेत त्याला पुढे उभं करा आणि खिडकी उंच असेल तर फक्त उचलून धरा. घरी आल्यावर पासबुकातला आकडा आणि वहीतला आकडा शेजारी ठेवून बघायचा, आणि रिकामी झालेली बरणी धुऊन पुन्हा जागेवर ठेवायची, कारण पुढच्या बाजाराची आदली संध्याकाळ चार दिवसांवरच असते.